जड पाणी

कुपवाडला आमच्या बोअरचं पाणी जड.
डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही,
नळाच्या तोंडाला पांढरी मिशी फुटते.
पाहुणे पहिला घोट घेतात
आणि भांडं हळूच खाली ठेवतात.

मिरजेचा दस्तगीर मुजावर मात्र म्हणाला,
"बोअरचं? झकास. यांना तसलंच लागतंय."
आमच्या पाण्याचं कौतुक जन्मात पहिल्यांदा ऐकलं
म्हणून मी दुकानात थांबलो.

टाकीत राखाडी पिल्लं फिरत होती,
खानावळीतल्या चमच्यांसारखी.
नाव म्हणे रेनबो.
रंग कुठाय, विचारलं.
"येतोय की. वर्ष काढा.
रंग विकत मिळत नसतोय, मासा तेवढा मिळतोय."
म्हटलं, एक द्या, बघू.
त्यानं जाळी परत खिळ्याला अडकवली.
"एकटा देत नाही. सहा न्या, नाहीतर ऱ्हाऊ द्या."

चार फुटी टाकी, दोनशे लिटर.
रत्नानं आधी फरशीकडे बघितलं,
मग माझ्याकडे.

मी फाउंड्रीत, कायमचा रात्रपाळीला.
साडेसातला घरी येतो, अंगाला करपलेल्या वाळूचा वास.
पूर्वेच्या खिडकीतलं ऊन त्याच वेळी टाकीवर पडतं,
दहा मिनिटं, मग कोष्टींच्या जिन्याआड जातं.
अकरा महिने त्या दहा मिनिटांत
मी चमचेच बघितले.

आणि एक दिवस
पुढून निळा, मागून शेंदरी.
वितळलेलं लोखंड आम्ही निळ्या काचेतून बघतो.
ती काच आणि ते लोखंड
एकाच बोटभर अंगावर,
आणि चटका नाही.
चहावर साय धरली तरी मी उभाच.

सहाच्या सहा एकदम वळतात.
कोण कुणाला सांगतं, बघून बघून थकलो.
पुढचा मागे पडतो
आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.
आमच्या पाळीत मुकादम शिट्टी मारतो,
तरी तिघं तंबाखू मळून झाल्यावरच उठतात.

टाकीतलं जुनं पाणी रत्ना कुंड्यांना घालते.
अबोली अशी पेटली
की कोष्टीकाकू विचारायला आल्या, खत कुठलं?
त्या दिवसापासून ती "आपले मासे" म्हणते.
तोवर ते तुमचे होते.

मार्चमध्ये झाकण उघडं राहिलं. माझ्याच हातून.
टीव्हीमागे वायरींत सापडला,
ताठ, धुळीनं माखलेला,
परत चमच्याच्या रंगाचा.
अबोलीच्या कुंडीत पुरला.
रत्नानं काही विचारलं नाही,
फक्त खुरपं आणून दिलं.

पाच उरले. पाच म्हणजे काही कमी नव्हेत.
पण ते वळेनात.
फिल्टरच्या नळीमागे, एकमेकांकडे पाठ करून.
एक जण काचेतल्या स्वतःला चिकटून
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
दिवसभर दोघं असल्यासारखा.

मुजावर म्हणाला, "एकच नेऊ नका.
नव्या एकट्याला कोण पुसतंय? दोन न्या."
सिटी बसमध्ये पिशवी मांडीवर धरली,
वर रुमाल टाकला.
शेजारच्या माणसानं विचारलं, दूध काय?
मी हो म्हटलं.

आता सात आहेत.
नवे अजून राखाडीच,
पण रांगेत कुठेतरी मावलेत, मधेच.

आज सकाळी त्यातल्या एकाच्या कपाळावर
उजळ रेघ उठली आणि विझली.
मी हाक मारली. रत्ना पिठाचे हात घेऊन आली.
"काय?"
"होतं. थांब जरा."

दोघं थांबलो.
आत तवा तापत होता,
ऊन जिन्याकडे सरकत होतं.
"झाकण लावलंय का?" तिनं विचारलं.